ग्रहणाचं पाणी

“बाबा गेले आमचे, मागच्या वैशाखात,” भाऊ वालावलकर म्हणाले.

“वा!” अण्णा म्हणाले.

वेंगुर्ल्यातल्या जुन्या डच वखारीसमोर आम्ही तिघं उभे होतो. भाऊ इतका वेळ अण्णांना वखारीच्या जाड भिंती, बंदरात लागणारी गलबतं, डचांचा व्यापार असं काय काय हौसेनं सांगत होते आणि अण्णा प्रत्येक वाक्याला मान डोलवून ‘वा’ म्हणत होते. तोवर झकास चाललं होतं. पण भाऊ डचांवरून स्वतःच्या वडिलांवर कधी घसरले, ते अण्णांना कळणार कसं?

“म्हणजे कसं,” मी घाईघाईनं मध्ये तोंड घातलं, “तुम्ही काल म्हणालात ना, शेवटच्या दिवशीसुद्धा रेडिओवरचं गाणं ऐकत होते म्हणून? ते मी अण्णांना सांगितलं. असं मरण भाग्यवंताला येतं, असं म्हणायचंय त्यांना.”

भाऊंचा चेहरा निवळला. “खरं आहे,” ते म्हणाले, “भाग्यवानच आमचे बाबा.”

आणि अण्णांनी, देव त्यांचं भलं करो, आणखी एकदा ‘वा’ म्हटलं.

अण्णा म्हणजे माझे वडील, गोविंदराव बेडगकर, जलतरंगवाले. चिनी मातीच्या लहानमोठ्या वाट्या अर्धगोलात मांडायच्या, त्यांत कमीजास्त पाणी घालून प्रत्येकीचा सूर लावायचा आणि दोन बारीक काड्यांनी वाजवायचं, हे त्यांचं वाद्य. पाणी वाढलं की सूर उतरतो, कमी केलं की चढतो. चमचाभर पाण्याचा खेळ, पण त्या चमच्यात सगळं आलं. मिरजेहून निघायचं, गवतात आणि आईच्या जुन्या लुगड्यांत गुंडाळलेल्या वाट्यांची ट्रंक एसटीत मांडीवर घ्यायची आणि गावोगाव कार्यक्रम करत हिंडायचं, असं आमचं आयुष्य. आई गेल्यापासून त्यांच्याबरोबर मी. तंबोरा छेडायला, ट्रंक सांभाळायला आणि गेली तीन वर्षं आणखी एका कामाला, जे जगात कुणाला ठाऊक नव्हतं.

अण्णांना ऐकू येत नव्हतं.

आणि माणूस कोण, तर गोविंदराव बेडगकर! शेजारी तांब्या पडला तर आमच्या ओसरीवरून ‘पंचम’ म्हणणारा. एका लग्नात तर भरल्या पंगतीतून उठून सनईवाल्याला सांगून आले होते, बाबा रे, तुझी सनई उतरलीय, माझ्या घशाखाली घास उतरत नाही. दोन शिष्य बेसूर म्हणून हाकलले, तिसरा आपण होऊन पळाला. आणि चारचौघांत छाती पुढे काढून म्हणायचे, “ज्या दिवशी मला सूर कळणार नाही ना, त्या दिवशी या वाट्यांतून चहा प्या!”

आधी त्यांना कुकरची शिट्टी ऐकू येईना. मग दाराची कडी. मग इचलकरंजीच्या गणपतीत त्यांनी गंधार असा काही लावला की पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. अण्णा मात्र डोळे मिटून तल्लीन. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. त्यांना सांगावं, तर तो माणूस काड्या खाली ठेवणार आणि भिंतीकडे तोंड करून बसणार. मग चार महिन्यांत आटोपलंच म्हणायचं. न सांगावं, तर गावोगाव हसं. शेवटी मी मधला रस्ता काढला. झाकली मूठ सव्वालाखाची!

सकाळी अण्णा चार लोकांसमोर ऐटीत वाट्या लावायचे. चुकीच्या. दुपारी जेवून आडवे झाले की मी गुपचूप जायचे आणि सगळ्या वाट्या नव्यानं लावून ठेवायचे. संध्याकाळी अण्णा बैठकीवर बसले की एका वाटीवर टिचकी मारायचे, गंभीर चेहरा करायचे, तिच्यात चमचाभर पाणी घालायचे, विचार करायचे आणि तो चमचा पुन्हा काढून घ्यायचे. लोक म्हणायचे, काय कान आहे! मी मनात म्हणायचे, नशीब माझं, चमचा काढला. कारण पुढचं सगळं त्यांच्या हातांत होतं. चाळीस वर्षांच्या सवयीचे हात ते, वाट्या सुरात असल्या की त्यांना कानाची गरज नव्हती. ताल ते तबलजीच्या बोटांवरून धरायचे. आणि लोकांच्या बोलण्याला ‘वा’ पुरायचा. जिथे पुरायचा नाही तिथे माझी जीभ होतीच. ‘गोविंदरावांची पोरगी फार बोलते बुवा,’ असा माझा लौकिक त्यातूनच झाला, आणि एकदा लागलेली सवय अजून सुटलेली नाही.

तर वेंगुर्ल्याची गोष्ट. साल ऐंशी, फेब्रुवारी महिना. भाऊ वालावलकर काजूचे व्यापारी आणि तिथल्या संगीत मंडळाचे चिटणीस. त्यांनी हौसेनं बोलावलं, स्वतःच्या घरी उतरवलं, ओल्या काजूची उसळ खाऊ घातली. पण कार्यक्रमाची तारीख ठरवताना त्यांनी कॅलेंडर पाहिलं, पंचांग पाहिलं नाही. त्या दिवशी सूर्यग्रहण निघालं. साधंसुधं नाही, तिकडे कारवारकडे खग्रास, आणि वेंगुर्ल्यातही सूर्याची जेमतेम कोर उरणार होती.

भाऊंच्या आई, आक्का, लेकावर जाम भडकल्या होत्या.

“गिराणाच्या दिसाक कोण गाण्याबजावण्याचो कार्यक्रम ठेवता रे? तुका काय अक्कल?”

“आई, ग्रहण पाचच्या आत सुटतं. कार्यक्रम सहाला.”

“आणि पावण्यांक काय झाला मगे?”

“जलतरंग वाजवताना काय होणार आहे गं?”

आक्का माझ्याकडे वळल्या. उंच, सडसडीत, पांढरंशुभ्र लुगडं, आणि डोळे असे प्रेमळ की रागावल्या तरी भीती वाटू नये. “तू तरी बापाशीक सांग गो बाय. ह्यो माझो झील काय आयकाचो नाय.”

“सांगते हं,” मी म्हटलं. अण्णा शेजारीच बसून माझ्याकडे बघून हसत होते.

मला मात्र ग्रहण मनापासून आवडलं होतं. दुसऱ्या गावांत दुपारी सभागृहात कुणी ना कुणी घोटाळत असायचं, मला चोरासारखं काम करावं लागायचं. इथे दोननंतर कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसणार नव्हतं. सकाळी वखार बघून आम्ही मंडळाच्या सभागृहात गेलो. अण्णांनी रंगमंचावर वाट्या मांडल्या आणि ऐटीत लावल्या. मंडळाचे तबलजी रघुनाथ मेस्त्री जरा विचित्र नजरेनं बघत राहिले, पण मोठ्या माणसाला कोण बोलणार? ते तबला ठेवून घरी गेले. आम्हाला लवकर जेवायला वाढलं. आक्का स्वतः उपाशी.

दुपारी उजेड बदलायला लागला. ऊन होतं, पण त्यातला जीव गेल्यासारखं. खिडक्या-दारं बंद झाली. अण्णा पडले. आक्का देवघरात जप करत बसल्या. मी मागच्या दारानं सटकले.

रस्ता अगदी ओस. बंदराकडून नुसता वारा. झाडांखाली उन्हाचे ठिपके पडतात ना, ते सगळे त्या दिवशी चंद्रकोरीसारखे झाले होते. सभागृहाचं मागचं दार नुसतं लोटलेलं असतं, ते मी सकाळीच बघून ठेवलं होतं. रंगमंचावर दिवा लावला, तंबोरा जुळवला आणि बसले. अशी शांतता मला आजपर्यंत मिळाली नव्हती. एकेक वाटी घेतली. इथे चमचा, तिथे अर्धा चमचा, एका वाटीला तर चार थेंब. शेवटी सगळ्यांवरून काडी फिरवली आणि माझं मलाच बरं वाटलं. यमन असा लागला होता की अण्णांना ऐकू आला असता तर त्यांनी पाठ थोपटली असती. वाट्यांवर फडकं टाकून मी निघाले.

परत आले, तर मागच्या दारात आक्का!

“खंय गेल्लंस गो? गिराणात भायर?”

तोंडचं पाणीच पळालं माझ्या. पण जीभ तयार होती. “वाट्यांवर फडकं घालून आले, आक्का. पाणी भरून ठेवलंय ना त्यांत, धूळ पडली असती.”

“पाणी?” आक्का म्हणाल्या. “वाट्यांत पाणी आसा? आत्ता, गिराणात?”

“हो, म्हणजे... जलतरंगच तो.”

“बरा,” आक्का म्हणाल्या. “तू गिराणातसून इलंस. सुटल्याबरोबर न्हावन घे. केसांवरसून.”

मला वाटलं, सुटले. करायला गेले एक आणि झालं भलतंच, हे मला पुढे कळायचं होतं.

ग्रहण सुटलं. बाहेर लोकांचा आवाज सुरू झाला, विहिरींवर रहाट वाजायला लागले. आक्कांनी माझ्यासाठी बंब तापवून ठेवला होता. मी अंघोळ करून, केस पुसून, साडी नेसून बाहेर आले तर आक्का घरात नाहीत. भाऊ म्हणाले, देवळात गेल्या असतील. मग चहा, मग अण्णांचा फेटा, मग कुणीतरी भेटायला आलेलं. आम्ही सभागृहात पोचलो तेव्हा ते गच्च भरलं होतं. घरात कोंडलेलं सगळं गाव तिथे आलेलं दिसत होतं. भाऊंनी आम्हाला थेट रंगमंचावर नेलं आणि पडदा वर गेला.

वाट्यांवरचं फडकं घडी करून बाजूला ठेवलेलं होतं. वाट्या बाहेरून लख्ख पुसलेल्या. मंडळाची माणसं मोठी टापटिपीची, असं माझ्या मनात आलं.

भाऊंचं भाषण झालं. अण्णांनी नेहमीसारखी टिचकी मारली. चमचाभर पाणी घातलं, विचार केला, काढून घेतलं. ‘आहाहा’ झालं. मी तंबोरा छेडत होते आणि माझा हात जागच्या जागी थांबला. तंबोऱ्याचा षड्ज एकीकडे आणि वाटीचा दुसरीकडे! मेस्त्रींनी झटकन माझ्याकडे बघितलं. मी काही करायच्या आत अण्णांनी दोन्ही काड्या उचलल्या आणि सुरुवात केली.

काय सांगू! मांडणीवरची भांडी कलंडावीत तसा यमन. एक सूर म्हणून जागेवर नव्हता. गंधार भलतीकडे, पंचम भलतीकडे, आणि अण्णा डोळे मिटून, मान डोलवत, जीव ओतून वाजवतायत. मेस्त्रींचे हात तबल्यावर नुसते टेकलेले. लोकांत चुळबूळ. मागे कुणीतरी पोर फिदीफिदी हसलं आणि त्याला चापट बसली. तीन वर्षं जी मूठ झाकली, ती शंभर माणसांपुढे उघडत होती आणि ज्याची ती मूठ, त्यालाच पत्ता नव्हता.

मी अण्णांच्या गुडघ्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मेस्त्रींच्या हातांकडे, पुढच्या रांगेतल्या तोंडांकडे. काड्या थांबल्या.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आक्का उठून उभ्या राहिल्या. भाबडेपणानं, अभिमानानं, अख्ख्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “पाणी मिया बदललंय हां! गिराणाचा पाणी ता, कलावंतान कित्याक तेका हात लावचो? सगळा ओतून टाकलंय आणि बावीचा ताजा पाणी भरलंय. जसा होता तसाच, बोटान मेजून!”

सभागृहात हशा पिकला. भाऊंनी कपाळाला हात लावला, पण त्यांचा जीवही भांड्यात पडला. ते पुढे आले. “आमच्या मातोश्रींची कृपा, मंडळी! अण्णासाहेब, क्षमा करा. तुम्ही निवांत पुन्हा लावून घ्या. आम्ही थांबतो. तुमच्यासारख्यांना वाट्या लावताना बघायला मिळणं हासुद्धा योगच.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. किती चांगली माणसं! पण मला त्या टाळ्या नको होत्या. कारण आता अण्णांना सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाट्या लावायच्या होत्या. मघाचं खापर आक्कांच्या पाण्यावर फुटलं होतं. आता जे बेसूर लागेल ते फक्त त्यांचं.

“पडदा पाडा!” मी विंगेकडे बघून म्हटलं. “पडदा पाडा, दहा मिनिटांत लावतो आम्ही.”

दोरीवाला दोरीला हात घालणार, एवढ्यात अण्णांनी हात वर केला. मी काय म्हणाले ते त्यांनी ऐकलं नव्हतं, पण दोरीवाला त्यांना दिसला होता.

“पडदा नको,” ते म्हणाले.

त्यांनी वाट्यांकडे बघितलं. एकेक वाटी, शांतपणे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग चमचा उचलला आणि माझ्यापुढे धरला.

“कुंदा, तू लाव.”

“अण्णा, तुम्हीच—” असं काहीतरी मी पुटपुटले.

ते लोकांकडे वळले. स्वतःचा आवाज किती मोठा येतोय हे त्यांना कळत नव्हतं, त्यामुळे ते जवळजवळ ओरडूनच बोलले. “मंडळी, मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. तुम्ही आता हसलात की रडलात तेही मला नुसतं दिसतं. सूर लावते ती ही माझी मुलगी. मी फक्त हात हलवतो. आज तुमच्यासमोर ती लावेल. चालत नसेल त्यांनी घरी जावं, मला राग नाही.”

कुणी उठलं नाही. आक्का तोंडाला पदर लावून मटकन खाली बसल्या.

मी चमचा घेतला. पहिल्याच वाटीला पाणी सांडलं. मेस्त्री उठले, माझ्याजवळचा तंबोरा त्यांनी स्वतःकडे घेतला आणि छेडायला लागले. ज्याचा तबला होता तो माणूस माझ्यासाठी तंबोरा धरून बसला. मी एक वाटी लावली. दुसरी लावली. तिसरीला चुकलं, पुन्हा ओतलं, पुन्हा भरलं. डोळ्यांत पाणी आलं तर ते पुसायला हात रिकामा नव्हता.

“सावकाश गो बाय,” मागून एक म्हातारा आवाज आला. “घाय नाय आमका.”

आणि खरंच नव्हती. तेवढी माणसं, पोरंबाळं असलेली, दिवसभराची उपाशी, हलली नाहीत. खोकला आला तर लोक बाहेर जाऊन खोकून आले. अण्णा मांडी घालून बसले होते आणि माझ्या हातांकडे बघत होते. पहिल्यांदाच. इतकी वर्षं मी हे काम त्यांच्या पाठीमागे केलं होतं, त्यांच्या पुढ्यात कधी नाही.

शेवटची वाटी लागली तेव्हा मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. त्यांनी काड्या उचलल्या. यमन सुरू झाला, आणि कसा! मी त्यांचे पुष्कळ कार्यक्रम ऐकले, पण तसा हात पुन्हा चालला नाही. मेस्त्री तर असे रंगले की मधेच ‘वा अण्णा!’ म्हणाले आणि मग अण्णांना ते ऐकू आलं नसणार हे लक्षात येऊन, हात थांबल्यावर, त्यांनी त्यांना वाकून नमस्कार केला. तो अण्णांना दिसला.

कार्यक्रम संपल्यावर आक्का पुढे आल्या. डोळे लाल. “अण्णा, माझा चुकला. माका काय ठावक?”

अण्णांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. “काय म्हणतायत गं या?”

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं, “ग्रहणाचं म्हणून वाट्यांतलं पाणी यांनी बदललं! चुकलं म्हणतायत!”

“छे छे!” अण्णा म्हणाले. “त्यांना म्हणावं, तुम्ही पाणी बदललं म्हणून बरं झालं. ते पाणी फार दिवसांचं होतं.”

भाऊ ट्रंक घेऊन पुढे गेले. अण्णा म्हणाले, आम्ही बंदराच्या रस्त्यानं चालत येतो. रस्त्यावरचे दिवे लागले होते. ग्रहणामुळे दुपारी विकायचे राहिलेले मासे ग्रहण सुटल्यावर विकून बायका रिकाम्या पाट्या घेऊन परतत होत्या. मला अण्णांशी बोलायचं होतं, आणि हळू बोलायची सोय उरली नव्हती. तर आमच्या घरातली सगळ्यात खासगी गोष्ट मी वेंगुर्ल्याच्या भर रस्त्यात ओरडून बोलले.

“तुम्हाला माहीत होतं? मी लावते ते?”

“आं?”

“मी वाट्या लावते ते तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. अगं, कान गेले, डोळे नाही गेले. मी सकाळी पाणी वाटीवरच्या निळ्या वेलीपर्यंत घालतो आणि संध्याकाळी ते वेलीच्या खाली. मला काय वाटणार, मांजर पिऊन गेलं?”

“मग तो चमचा? घालायचात आणि काढायचात तो?”

“तोच घालायचो, तोच काढायचो. तुझं लावलेलं बिघडू नये म्हणून.”

“मग रोज सकाळी लावायचं ते नाटक कशाला?” मला आता रागच आला होता. “मला सरळ सांगायचंत ना!”

“मी सकाळचं लावणं थांबवलं असतं,” ते म्हणाले, “तर तुला तोंड उघडावं लागलं असतं. बापाला तोंडावर सांगायचं, की तुम्ही बहिरे झालात. ते तुझ्यावर कशाला आणायचं, म्हटलं. तुला सांगवत नाहीये हे दिसत होतं मला.”

मी रस्त्यातच रडायला लागले. दोन मासेवाल्या थबकून बघायला लागल्या. बघू देत.

“आणि आज? आज पडदा पाडला असता तर कुणाला कळलंही नसतं!”

“हो ना. आत तू घाम गाळून लावलं असतंस आणि पडदा उघडल्यावर मी चमचा घालून काढला असता आणि लोकांनी ‘काय कान आहे’ म्हटलं असतं. आज ते माझ्याच्यानं होईना, कुंदा. त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या ना, तेव्हा तर मुळीच होईना.”

मी डोळे पुसले. आणि मग, आता सगळं निघालंच आहे तर, म्हणून मी ते काढलं.

“गेल्या दिवाळीत मी तुम्हाला एक विचारलं होतं.”

“काय?”

“फराळाला बसलो होतो. मी विचारलं, अण्णा, मी शिकू का वाजवायला? स्वतः बसू का वाट्यांपुढे?”

“मग? मी काय म्हणालो?”

“म्हणालात, नको गं, पोट भरलंय.”

अण्णा रस्त्यात उभेच राहिले. माझ्या हातात तेव्हा चकल्यांचं ताट होतं. मी चकली हवी का विचारतेय, असा त्यांनी अंदाज केला, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण पुन्हा विचारायचं म्हणजे, तुम्हाला ऐकू आलं नाही, असं म्हणायचं. म्हणून मी ताट उचलून आत नेलं होतं आणि तो विषय तिथेच मेला होता.

अण्णांनी आपला उजवा कान माझ्याकडे केला, त्यामागे हात धरला आणि म्हणाले, “पुन्हा विचार.”

“मी शिकू का वाजवायला?”

“मोठ्यानं.”

“अण्णा, मला वाजवायचंय! मी शिकू का?”

माझा आवाज बंदरापर्यंत गेला असेल. अण्णा तरी कपाळाला आठ्या घालून तसेच उभे. तेव्हा त्या दोन मासेवाल्यांतल्या एकीला राहवलं नाही. ती पाटी डोक्यावर सावरत आमच्यापर्यंत आली आणि माझ्या चौपट आवाजात अण्णांच्या कानात ओरडली, “अवो, तिका वाजवूक शिकाचा आसा म्हणता ती! होय म्हणा ओ!”

अण्णांनी त्या बाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचे डोळे भरले होते आणि तोंड हसत होतं.

“उद्या सकाळपासून बस,” ते म्हणाले. “पण एक सांगून ठेवतो. चुकलीस तर मला कळणार नाही. तुझं तुलाच ऐकावं लागेल.”